काटा

एकतीस वर्षं मी जॉबर होतो.
शेडमध्ये शिरलो की आवाजावरून सांगायचो
कोणता माग आजारी आहे ते.
भूदेवीच्या मानेतली गाठ मात्र
तिची तिलाच सापडली,
बिडीचा दोरा दातांनी तोडताना.

डॉक्टर हत्तुरे मॅडमनी रिपोर्ट उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर एक गोल काढला.
पेशीला दोन व्हायचं असतं तेव्हा
आतलं सामान दुप्पट होतं,
मधोमध रांगेत उभं राहतं.
दोन्ही टोकांकडून बारीक धागे येतात,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे ओढून नेतात.
पुस्तकात त्याला तर्कू म्हणतात.
तर्कू म्हणजे?
चाती हो, काका.
मी खुर्चीत पुढे सरकलो.

हे औषध धागा तोडत नाही,
धागा होऊच देत नाही.
सुटे कण सुटेच राहतात.
मग?
मग पेशी थांबते. वाट बघते.

काटा, मी म्हटलं.
कसला काटा?
मागाला असतो, बाण्याच्या वाटेवर.
दर फेरीला चाचपून बघतो, धागा आहे का.
नसला की माग बंद.
नाहीतर नुसत्या हवेची चादर विणत बसेल.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
तसाच एक पेशीतही असतो, म्हणाल्या.
या रोगानं बाकीचे ब्रेक काढून टाकलेत,
ऑर्डर नसताना तिन्ही पाळ्या चालवतोय,
पण हा काटा अजून बसतो बऱ्याचदा.
थांबून थांबून पेशी शेवटी
आपलं दुकान आपणच मोडते.

औषध मूळचं सदाफुलीतलं.
तेव्हा भूदेवी पहिल्यांदा बोलली,
बिळ्ळ गन्नेरू?
दत्तनगरात आमच्या दाराशी, तेलाच्या डब्यात,
बकरीसुद्धा तोंड लावत नाही तिला!
बकरीला कळतं, मॅडम म्हणाल्या.
तुम्ही पानं खाऊ नका. विष आहे ते,
आम्ही मोजून देतो.

मे महिना. त्रेचाळीस डिग्री. वॉर्डातला कूलर
मागापेक्षा जास्त खडखडणारा.
एक छोटी पिशवी, पाण्यासारखी.
मग लाल औषध, मग आणखी एक.
एकवीस दिवसांनी पुन्हा.
गाठ बोराएवढी, मग हरभऱ्याएवढी,
मग माझ्या बोटाला सापडेना.
केसही गेले.
औषधांना माणूस ओळखता येत नाही, फक्त घाई कळते,
आणि केसांच्या मुळाशीही घाई असते.

चौथ्या खेपेनंतर
सूप मांडीवर घेऊन बसली सवयीनं.
पान वळलं, दोरा बसेना.
बोटांना मोजे घातल्यासारखं होतं म्हणाली,
दिवसाला आठशे वळणारी बोटं.
मी मॅडमना विचारलं, नसा कुठे दोनाच्या चार होतात?
नाही होत. पण त्यांच्या आतही तेच धागे,
पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत,
त्यांच्यावरून माल जातो.
रस्ता खचला, माल अडला.
डोस कमी करू. संवेदना परत येईल,
हळूहळू, बहुतेक.

घरी तेलुगूत सांगताना
मी ‘बहुतेक’ गाळला.

आता रात्री लाइट गेली की
आम्ही एक खेळ खेळतो.
ती डोळे मिटते. तिच्या बोटाच्या पेरावर
मी वीस नंबरी सुताचा तुकडा ठेवतो.
आहे?
नाही.
आता?
नाही.
सूत कधी ठेवतो, कधी नुसताच हात फिरवतो.
शेजारच्या कारखान्यात कुणाचा तरी माग
अडखळतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो.
आता?
आहे, ती म्हणाली काल, हसून,
आहे की.

सूत माझ्या मुठीत होतं.