सुटा माल

मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी
कृत्तिकाला म्हटलं, चल पेढीवर.
ती म्हणाली, किती वाजता?
कोणत्या गाडीने, हे विचारलंच नाही,
आणि माझं भाषण, प्रभादेवीपासून नागदेवी स्ट्रीटपर्यंत
पुरेल एवढं तयार केलेलं,
खिशातच राहिलं. बसने गेलो.

पाटीवर अजून ‘रा. द. चुरी अँड सन्स’.
पाटी रंगवली तेव्हा अण्णांना मूलच नव्हतं,
नंतर झालो तो मी एकटा.
तेवढं अनेकवचन उधारीवर घेतलेलं.

घागांनी तिला स्टूल पुसून दिलं.
मी म्हटलं, पुसू नका.
घाग म्हणाले, शेठ, मी सगळ्यांनाच पुसून देतो.

पत्र्याचा ड्रम, त्यात नट, बोल्ट, वॉशर,
दोन सूत, तीन सूत, चार सूत, सगळं एकत्र.
निवडायचं, डब्यांत भरायचं. दिवसाचे चारशे.
दुपारी तिच्या पोळीला ग्रीसचा वास.
खाल्ली. काही बोलली नाही.

माझ्या तेराव्या वर्षीही हाच ड्रम.
अख्खी सुट्टी निवडत बसलो
आणि तळ कधी दिसला नाही.
अण्णा म्हणायचे, लोखंड संपत नसतं रे, आळस संपतो.
हे वाक्य मी रोटरीत सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत सांगितलंय,
एकदा तर बँकेच्या मॅनेजरला,
कर्जाची गरज नसताना.

अण्णांच्या तेराव्याला घाग सहज बोलून गेले:
तुम्ही हात धुवायला मोरीवर गेलात की
मोठे शेठ डबे परत ड्रममध्ये ओतायचे.

राग तेव्हा आला नाही.
चार महिन्यांनी आला, वरळीच्या सिग्नलला,
हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवत होते तरी.

आज गुरुवार. पोर मोरीवर,
लाकडाच्या भुशाने कोपरापर्यंत हात घासतेय
आणि मी ड्रमवर वाकलोय,
हातात चार सुताचा डबा.
घाग वहीत डोकं घालून इतकं नीट बघत नाहीयेत
की माझे कान तापले.

उद्या हिला काय देऊ?
काउंटर द्यावा तर संतोष रिकामा बसेल,
त्याच्या बहिणीची फी जूनमध्ये आहे.
बिलं द्यावीत तर घागांची भाची.
खरं काम इथे सगळं
कुणाच्या ना कुणाच्या घरी जातं.
आमच्या घरी जायला फक्त हे उरतं,
अण्णांनी शोधून काढलेलं.

“बाबा, चार सुताचा दुसरा डबा शोधताय?
तो भिवंडीवाल्यांना दिला. पावणेतीन किलो.
पावती फाडलीय.”

पावती पाहिली. अक्षर माझ्यासारखंच वाईट.
किलोमागे सहा रुपये कमी लावलेले,
जुन्या यादीचा भाव.
घागांनी चष्मा वर केला, हिशेब केला,
साडेसोळा रुपये तिच्या चारशेतून कापले
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.
मी मध्ये पडलो नाही.

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली,
नवी यादी भिंतीवर का नाही लावत?

डबा मी होता तिथे ठेवला.
बोटांना तेल.
भुसा कुठे ठेवतात हे
मला तिला विचारावं लागलं.