केसपेपर

सव्वीस वर्षं मी जनावरं धरतो.
सरकारी कागदावर परिचर,
गावात नुसता ‘धरणारा’.
म्हशीची वेसण, बकरीचे कान, कुत्र्याचं तोंड.
डॉक्टर बदलून जातात, हात माझेच राहतात.

पोळा होऊन आठवडा झालेला, उकाडा मरणाचा.
कोडापे आला सायकलच्या कॅरेजवर टोपलं बांधून.
टोपल्यात भुरकी.
बंद वीटभट्टीचा रखवालदार तो,
अशा उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला दुपट्टा,
आणि कुत्रीच्या अंगाला जळक्या ऑइलचा वास.

“खरूज हाय म्हणते सारे.
ट्रॅक्टरचं आईल लावलं, गंधक लावलं.
रातभर खाजवते बाप्पा, मलेबी झोपू देत नाई.”

बोरकुटे मॅडमनी आधी कान धरला.
कानाची कड दोन बोटांत चोळली
आणि बघत राहिल्या मागच्या पायाकडे.
खरूज असली की बहुतेकदा तो पाय
हवेतच खाजवायला लागतो.
पाय हलला नाही.

मग बोथट ब्लेड, तेलाचा थेंब,
रक्ताचा टिपका येईस्तोवर खरवडणं.
भुरकी माझ्या कोपराखाली थरथरली, चावली नाही.
लाइट गेलेली. मायक्रोस्कोप खिडकीत नेला,
आरसा उन्हाकडे वळवला.
मलाही दाखवलं: केसांची मुळं, कोंडा, एक बुडबुडा.
आठ पायांचं कोणी नव्हतं.

ओल्या कागदावर फणी झाडली.
पिसवांची घाण असती तर लाल उमटली असती.
कागद कोराच.

“खाते काय?”
“जवारीची भाकर, वरणाचं पानी. मी खातो तेच.”
“झोपते कुठं?”
“भट्टीच्या मांगं. गवतात. गार लागते तिले.”

मॅडम म्हणाल्या, उताणी करा.
पाठ चांगली, शेपूट चांगली.
पोट, काखा, बोटांच्या बेचक्या,
जिथं जिथं जमीन लागते तिथं तिथं
कातडं जुन्या चपलेच्या तळव्यासारखं.

“पांढरी बारीक फुलं? गाजरासारखं पान?”
“हाव. गाजरगवत. मीच उपटतो ना ते. हातानं.”

आता मॅडम कुत्रीकडे बघत नव्हत्या.
दुपट्टा सरकला होता. मान काळी, जाड, भेगाळलेली.
पापण्या सुजलेल्या.
“बाह्या वर करा.”
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी खाली.
काय झालंय त्याला ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं,
म्हणजे आम्ही ठरवलं होतं.
टपरीवर त्याचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला.
आणि आत्ताच, रजिस्टरवर सही घेताना,
मी माझा पेन खिशात ठेवून
दोरीला बांधलेला दिला होता त्याला.

“मी जनावरांची डॉक्टर. तुम्हाला औषध लिहायचा
मला हक्क नाही. आरोग्य केंद्रात जा, गवताचं सांगा.
मला वाटतं तेच असेल, तर हे
एकाचं दुसऱ्याला होत नाही.”
शेवटचं वाक्य त्या जरा मोठ्यानं बोलल्या.
बाहेरच्या बाकावर तिघं बसले होते, शेळ्या घेऊन.

केसपेपरवर लिहिलं:
भुरकी, मादी, चार वर्षे. गोळ्या सात दिवस.
रोज पोट धुणे. गवताशी संबंध नको.
पेन थांबला. मग खाली एक ओळ:
मालकाचाही.

पंधरा दिवसांनी भुरकी चालत आली.
पोटावर लव, नुकत्या उगवलेल्या हरभऱ्यासारखी विरळ.
कोडापेची खाज आहे अजून.
भट्टीमागचं उपटलं, हाताला पन्नी बांधून,
तर नाल्यावर फुललं. वाऱ्यानं येते म्हणतो,
वाऱ्याले कोन धरन?
बाह्या मात्र दुमडलेल्या, कोपरापर्यंत.

टपरीवरचा कप खिळ्यालाच आहे.
मी अजून कुणाला काही बोललो नाही.

रजिस्टर पुढे केलं तेव्हा खिशातून पेन काढला होता मी,
टोपणही उघडलं होतं.
त्यानं सवयीनं दोरीचाच उचलला.