रिकामा चौकोन

नोव्हेंबरात शेटिकॅम्पला सुएत सुटतो,
डोंगरावरून उतरणारा, छपरं चाचपत जाणारा वारा.
अशा दिवशी गिऱ्हाईक फिरकत नाही.
ओडेट लेफोर लोकरीच्या दुकानाचं दार
आतून दोरीने बांधते
आणि यादी काढते.

चारशे बारा पत्ते.
काही वहीतले, काही पावतीच्या पाठीवरचे,
एक तर खेकड्यांच्या लिलावात
तळहातावर लिहून घेतलेला, अर्धा पुसलेला.
कायदा विचारतो : विचारलं होतंस?

नव्हतं विचारलं.
नवा रंग आला की कळवायचं,
यात विचारायचं काय?

कायद्यात एक शब्द आहे : गृहीत.
लोकर विकत घेतली, की दोन वर्षं गृहीत धरता येतं
की या बाईला तुमचं पत्र चालेल.
दोन वर्षं.
मग नाही.
ओडेटला हसू येतं.
आमेदेने तिला सव्वीस वर्षं गृहीत धरलं,
कुठल्या पावतीच्या जोरावर, देव जाणे.

भाची फोनवर म्हणते, मावशी, सोप्पंय,
चौकोनात आधीच खूण करून ठेव,
पुसायचा लोकांना कंटाळा असतो.
नाही गं. चौकोन रिकामाच हवा.
आणि जे काहीच बोलणार नाहीत ते?
मौन म्हणजे संमती, असं आपली आजीही म्हणायची.
इथे मौन म्हणजे
मौन.

एकशे एकसष्ट जणींची मुदत अजून आहे.
त्यांना ती लिहिते :
मी ओडेट, बंदरावरची, निळ्या दाराची.
पत्रं पाठवत राहू का?
हो असेल तर खूण करा.
पुढे कधी मन बदललं, तर तळाशी वाट ठेवलीय,
कारण विचारणार नाही.

बाकीच्यांना एवढंही लिहायचं नाही.
"विचारू का?" असं विचारणारं पत्रसुद्धा
विकणाऱ्याचंच पत्र, म्हणतो कायदा.
दोनदा वाचून पाहिलं. तसंच आहे.
मग ती वही कोटात घालते, दोरी सोडते.

सेराफिन ब्यूदरोचं घर चढावर.
तीन वर्षांपूर्वी करड्या लोकरीचे नऊ गुंडे,
त्यानंतर काही नाही.
वाऱ्याने दार ओडेटच्या हातातून हिसकलं,
दोघींनी मिळून लावलं.
ओडेटने उभ्याउभ्याच विचारलं,
पाठ केल्यासारखं, नाव-पत्त्यासकट.

सेराफिनने ऐकून घेतलं.
"नको गं," ती म्हणाली.
"बोटं वळत नाहीत आता. रंग कशाला बघू?"
आणि किटली चढवली.

इतकं स्वच्छ "नको"
ओडेटने दुकानात कधी ऐकलं नव्हतं.
तिथे लोक म्हणतात, बघू, येते परत,
आणि दाराची घंटा वाजते.

रात्री यादीत चारशे बाराचे चारशे अकरा.
वहीत, पुरावा म्हणून :
सेराफिन ब्यूदरो. नाही.
चौदा नोव्हेंबर, दुपारी तीन.
चहा घेतला.