परवडण्याचा रकाना

विनिपेगच्या उत्तर भागात,
जुन्या अग्निशामक ठाण्यात आमचं कलाकेंद्र.
मी काउंटरवर बसते, पावत्या फाडते.

अर्जाच्या तळाशी एक रकाना आहे :
'तुम्हाला किती परवडेल?'
माणूस तिथवर आला की मी
पेन्सिलीला टोक काढायला घेते.
एकोणीस वर्षांत
किती पेन्सिली उगाच झिजवल्या.

लिगाया रात्रपाळी उरकून येते,
इस्पितळाच्या बुटांतच चाकावर बसते.
वाडगा अर्ध्यात कलंडतो, ती हसते.
तिच्या रकान्यात दोन डॉलर.
डार्लीन प्रूडन शिकवते; म्हणते,
माती काय, पुन्हा मळता येते.

यंदा नगरपालिकेचं पत्र आलं :
रकाना काढा. सरसकट बावीस डॉलर.
भट्टीची वीज महागली आहे.
खरंय ते. बिल मीच भरते,
आकडा पाहून माझ्याही पोटात गोळा येतो.

सुनावणीत मला तीन मिनिटं मिळाली.
आकडेवारी पाठ होती, पण
माइकसमोर तोंडातून निघालं भलतंच :
की येमाने नावाचा नऊ वर्षांचा पोरगा
आईच्या वतीने अर्ज भरतो
आणि रकान्यात दरवेळी, रेघ न सोडता,
चेकवर लिहावं तसं लिहितो :
अक्षरी शून्य डॉलर फक्त.

कुणीतरी खोकलं. घंटी वाजली.
निर्णय पुढच्या महिन्यात.

आज बाहेर उणे एकतीस.
नवे अर्ज छापायचे होते.
मी जुनेच छापले, दोनशे प्रती.
कागदाचा हिशेब विचारलाच कुणी,
तर विचारू दे.