वीस सेकंद

तेंपे सरोवराकाठच्या आमच्या मदरशात
शनिवारी तिसऱ्या तासाला
आम्ही बगदाद वसवतो, बगदाद गमावतो
वीस-वीस सेकंदांत.

पडद्यावर चार रंगांचे चौकोन,
प्रत्येकात एक सन.
ढॅणढॅण संगीत सुरू झालं की बाकं हलतात,
आणि आठवी ब, जी परवापर्यंत
खलिफांच्या वंशावळीवर डोकं टेकून झोपायची,
ती चपला काढून बाकावर उभी राहते.

मला आवडतं हे. खोटं कशाला बोलू?
पेपर तपासून तपासून
बोटाला पडलेला घट्टा
या सत्रात मऊ झालाय.
गुण यंत्र देतं, क्रम यंत्र लावतं,
जिंकणाऱ्यावर रंगीत कपटेही तेच उधळतं.

आज पहिली तेन्री. नऊ हजार चारशे.
शेवटचा बासो.

बासोचं घर सरोवरावर तरंगतं.
वारा फिरला की त्यांचं दार
दुसऱ्याच गावाकडे तोंड करतं.
फोन थोरल्या बहिणीचा, काचेला आडवा तडा,
आणि तडा नेमका हिरव्या चौकोनावर.

सातवा प्रश्न : बगदाद कधी पडलं?
बाराशे अठ्ठावन्न. हिरवा.
बासोचा रकाना कोरा.

तास सुटला, पोरं नळाकडे पळाली.
प्रोजेक्टरची वायर कोपरावर गुंडाळत तो म्हणाला,
“बाई, दजला शाईनं काळी झाली म्हणतात,
मग पुस्तकं फुगून वर आली असतील ना?
गेल्या पुरात माझी वही
तिसऱ्या दिवशी जाळ्यात सापडली, माशांबरोबर.
आईनं पान न् पान दोरीवर वाळवलं.
शाई गेली होती सगळी,
पण जिथं पेन दाबून लिहिलेलं
तिथं बोटाला लागत होतं.
तिकडं कुणीच टाकलं नसेल का जाळं?”

मला आठवेना
मी कुठल्या पुस्तकात वाचलंय का हे.
“वायर नीट ठेव,” एवढंच म्हणाले.

रात्री त्याचा प्रश्न यंत्रात भरायला बसले.
यंत्र म्हणालं, चार पर्याय द्या.
मी एक लिहिला, खोडला.
म्हणालं, योग्य उत्तरावर खूण करा.
म्हणालं, वेळ निवडा.
सगळ्यात मोठा आकडा शोधला,
चार मिनिटं.

बाहेर कुणाची तरी होडी
इंजिन बंद करून वल्ह्यानं चालली होती.
मी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं,
बासोच्या नावापुढे दोन ओळी लिहिल्या,
जरा दाबूनच.