टोपीचा काठ

दौलतगंजात, पिठाच्या चक्कीला लागून माझं दुकान.
चक्की सुरू झाली की कालबुतांवरच्या टोप्या
जरा जरा माना हलवतात.
पाटीवर अजून शब्बन मियाँचंच नाव आहे.
पाटी रंगवायला पैसे पडतात,
आणि लोक त्यांनाही उस्ताद म्हणायचे, मलाही म्हणतात.

डिसेंबरात सबनीस आले नागपूरहून,
पिशवीत राखी रंगाची फेल्ट हॅट.
वडिलांची. वडील गिरणीत टाइमकीपर.
"काय रुबाब होता हो! हॅट घालून निघाले
की सगळी आळी घड्याळं लावायची.
काचेच्या पेटीत ठेवायचीय. नव्यासारखी करा."
म्हटलं, नव्यासारखी नाही होणार.
बरी होईल.

पहिल्या दिवशी नुसता ब्रश, मऊ केसांचा,
नमद्याच्या कलाने.
कसरीची तीन भोकं निघाली, मोहरीएवढी.
ती टोपीच्याच चुऱ्यानं बुजवायची,
घामपट्टीखाली खरवडलं की मिळतो तो;
बाहेरचा धागा तिला चालत नाही.
मग मुलतानी माती, कोरडी, रात्रभर.
तेल ती आपसूक पिते. चोळलं की डाग पसरला.
मग किटलीची वाफ.
वाफेत नमदा सैलावतो आणि दुकानभर
ओल्या जनावराचा वास सुटतो.
साठ वर्षं माणसाकडे काढली तरी
जनावर काही जात नाही त्यातून.

टोपी वाचता येते.
वरची चिमट फाटली असेल, तर माणूस उतावळा.
घामपट्टी काळी, तर उन्हातान्हात हिंडणारा.
काठ पुढे एकाच जागी चकाकत असेल,
तर दर दहा पावलांवर कुणाला तरी रामराम घालणारा.

सबनीसांच्या हॅटची चिमट कोरी होती.
घामपट्टी जवळपास दुकानातून आणल्यासारखी.
आणि काठ झिजलेला, सगळा,
पूर्ण फेरा, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

असा काठ डोक्यावर झिजत नाही.
हातात झिजतो.
बाकावर बसून, गुडघ्यांमध्ये धरून,
बोटांनी चार इंच पुढे, मग चार इंच,
शिपायानं "बसा" म्हटल्यावर
बंद दारासमोर.
वर्षं लागतात इतकं व्हायला.

कुठलं दार, मला काय ठाऊक.
पगारवाढ असेल. मुलाची फी असेल.
गिरणी बंद पडल्यावरचा हिशेब असेल.
टोपी एवढं सांगत नाही.

शब्बन मियाँ म्हणायचे,
"टोपी की बात टोपी से सुन।
गाहक को सुनाने की मज़दूरी नहीं मिलती।"

काठाला फीत लावली की झीज झाकली जाते.
फीत कापली. टाचण्या लावल्या.
काढल्या. चहा पिऊन आलो.
पुन्हा लावल्या
आणि शिवली, बारीक टाक्यानं,
पेटीतून टाकाही दिसू नये अशी.

सबनीसांचा निरोप आला, पाचला येतो.
पाच वाजले. चक्की थांबली. सहा.
लश्करात थंडी उतरली,
समोर गजकवाल्यानं तीळ कुटायचं बंद केलं.
साडेसहाला कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला,
मी दचकून खाली पाहिलं:
हॅट माझ्या दोन्ही हातांत होती,
गुडघ्यांमध्ये,
आणि नवी फीत बोटांखालून सरकत होती,
चार इंच, मग चार इंच.

ती कालबुतावर ठेवली.
आणि बसलो,
हात मांड्यांखाली दाबून.