अर्ध्या तासाचे दहा रुपये

बंदीचे दिवस. होड्या झापांनी शाकारलेल्या,
जाळी माळ्यावर,
आणि आनंदवाडीच्या बर्फ-कारखान्यामागे
निजाम सोलकरच्या खोलीत
एकवीस इंची टीव्ही, दोन कंट्रोलर,
त्यातल्या एकाचं डावं बटण
खाऱ्या बोटांनी रुसलेलं.

खेळ असा: दोन वेगळ्या कंपन्यांचे गडी
एकाच पडद्यावर.
इकडचे रस्त्यावरचे, गंजीफ्रॉकातले,
तिकडचे कुठल्या तरी ग्रहावरून आलेले,
पंख, तलवारी, तळहातातून वीज.
त्यांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.
पण आमच्याकडे दशावतार रंगला की
कुठलाही राक्षस कुठल्याही राजाला भिडतो,
मृदंग वाजतोय तोवर कुणी हिशेब मागत नाही.
म्हणून नवल वाटलं नाही,
मजा तेवढी वाटली.

चांगलं आधी सांगते.
ठोसा बसला की बसल्यासारखा वाटायचा,
गळाला तांबोशी लागल्यावर दोर थरथरते
तसा कंट्रोलर थरथरायचा हातात.
आणि ती जोडीची रीत!
एक दमला की दुसऱ्याला हाक,
तो उडी घेऊन आत,
पहिला कडेला श्वास घेत उभा.
ज्याला हे सुचलं त्यानं
कधीतरी रापण ओढली असणार.
वल्लरी तारकर याच डावावर
भल्याभल्या खलाशांना घाम फोडायची.
ती वल्लरी मीच. लपवून काय करायचं.

आता खोट.
सोळातले पाच गडी एकाच अंगाचे,
नुसते कपडे बदललेले,
तोच बांगडा तीन टोपल्यांत मांडावा तसे.
तिकडच्यांना हवेत दोन उड्या, इकडच्यांना एकच.
कोपऱ्यात सापडलात की संपलात.
शेवटचा राक्षस तर आपण बटण दाबायच्या आत
आपलं मन वाचायचा.
निजाम म्हणायचा, तो हरतच नाही,
तेवढ्यावर माझं वीजबिल निघतं.

पण हे सगळं चाललं असतं.
मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.
दोन जगं एवढ्या लांबून आणली,
समोरासमोर उभी केली,
आणि एकमेकांना विचारायला
एक प्रश्नसुद्धा दिला नाही.
जिंकल्यावर प्रत्येकाचं ठरलेलं एक वाक्य,
समोर कोणी का पडलेला असेना.

त्या वर्षी माझा जोडीदार कर्णबहादूर.
जुमल्याहून आलेला, पर्ससीनवरचा खलाशी,
बंदीत गावी गेला नाही, भाड्याला पैसे नव्हते.
त्याला मराठी येईना, मला नेपाळी.
तो रुसलेलं बटण स्वतःकडे घ्यायचा, न सांगता.
दमला की एकच शब्द, "आव!"
की मी आत.
जुलैच्या शेवटी, नारळी पौर्णिमेच्या आधी,
राक्षस पडला.
निजामनं दोघांना लिंबू सोडा दिला
आणि दुसऱ्या दिवसापासून दर पंधरा केला.

ऑक्टोबरात आमच्या रापणकऱ्यांनी
हद्दीत शिरलेली पर्ससीन धरली,
ओढून धक्क्याला लावली.
त्यांच्याकडे इंजिन, मैलभर जाळं, पाण्याखालचं दिसणारं यंत्र.
आमच्याकडे माणसं.
दोन उड्या, एक उडी.

खलाशी फळीवर ओळीनं बसवलेले,
तिसरा कर्णबहादूर, ओठ फुटलेला.
बाबा पुढे होते, आवाज बसलेला.
वळून मला म्हणाले,
"ओळखतंस काय गो तेका?"

मी म्हटलं, "नाय."

त्यानं ऐकलं. एवढं मराठी
त्याला तोवर येत होतं.
मांडीवर ठेवलेल्या हाताचा डावा अंगठा
जरा हलला, दाबल्यासारखा.
की थंडीनं, मला सांगता येत नाही.

ती तबकडी पुढे चरे पडून अडकायला लागली.
अडकायची नेहमी एकाच जागी,
एक गडी कडेला, हात वर,
दुसरा अजून आत यायचाय.